‘नाही’ कुठे गेलं? एका सामायिक साधनसंग्रहातल्या दुरुस्तीचं प्रकरण

आमच्या अभ्यासगटात नव्याने आलेली सहकारी शब्दांची यादी वाचत होती. आजारपणाच्या खर्चाबद्दल आम्ही घेतलेल्या मुलाखतींमध्ये कुठला शब्द किती वेळा आला, त्याची उतरत्या क्रमाने लावलेली यादी. तिने ती दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, “यात ‘नाही’ कुठे आहे गं?”

त्यातल्या बऱ्याच मुलाखती मी स्वतः घेतल्या होत्या. पैसे नाहीत, गाडी नाही, रिपोर्ट मिळाला नाही, कुणी सांगितलंच नाही, हे सगळं अजून माझ्या कानात होतं. मोजणी करताना ‘आणि’, ‘आहे’, ‘मध्ये’ असे भारंभार येणारे शब्द गाळतात, पण ‘नाही’ मी मुद्दाम ठेवला होता. आजारपणात माणसाला काय मिळालं नाही हाच आमचा प्रश्न होता. तो शब्द पहिल्या पाचात असायला हवा होता, आणि अख्ख्या यादीत तो एकदाही नव्हता.

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे. संशोधनासाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, साधनं वापरणारे पुष्कळ जण आहेत. त्या साधनांत काही भर घालायची वेळ आली की बहुतेक जण ‘मी काही प्रोग्रामर नाही’ म्हणून मागे सरतात. मीही तेच म्हणत होते.

साधन कसलं होतं

आम्ही वापरत होतो तो संशोधकांसाठीच्या साधनांचा एक सामायिक संग्रह आहे. मजकूर साफ करणं, शब्द मोजणं, सारखे मजकूर एकत्र लावणं, मुलाखतींतल्या उताऱ्यांना विषयवार खुणा देणं अशी कामं करणारी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी छोटी साधनं त्यात आहेत. प्रत्येक साधन कुणीतरी आपल्या कामासाठी लिहिलं आणि मग सगळ्यांसाठी ठेवलं. संग्रह सांभाळणारे मेंटेनर मोजकेच आहेत आणि आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतात. संग्रहाचं नाव मी इथे घेत नाही. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती, आणि ती दुरुस्त करताना त्यांनी मला जेवढा वेळ दिला तेवढा फार कमी लोक देतात.

त्यातल्या शब्द मोजणाऱ्या साधनात मजकुराचे शब्द पाडण्यासाठी एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र, होतं. ‘शब्दातलं अक्षर’ ओळखणारी जी खूण असते, बॅकस्लॅश-डब्ल्यू, ती सलग दोन किंवा जास्त वेळा आली की तो एक शब्द, एवढाच त्याचा नियम. सायकिट-लर्न या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) शब्द मोजणाऱ्या घटकाचा ठरीव नियमही, म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर आपोआप लागणारा नियमही, हाच आहे, त्यामुळे तो असंख्य ठिकाणी जसाच्या तसा उचलला गेला आहे. इंग्रजीला तो चालतो.

देवनागरीत काय होतं ते बघायला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात, डोकवावं लागतं. ‘दवाखाना’ हा शब्द संगणकात सात तुकड्यांत साठवलेला असतो: द, व, काना, ख, काना, न, काना. यातली व्यंजनं युनिकोडच्या वर्गवारीत ‘अक्षर’ आहेत, पण काना ‘चिन्ह’ आहे. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हंच. आणि पायथनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यूला अक्षरं, अंक आणि अधोरेघ चालतात, चिन्हं चालत नाहीत. ‘मराठी’ या शब्दात फक्त अक्षरं आहेत का, असं पायथनला विचारलं तर उत्तर ‘नाही’ असं येतं.

म्हणजे प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो, एकट्या उरलेल्या अक्षरांना ‘दोन किंवा जास्त’चा नियम फेकून देतो, आणि उरेल तो शब्द. ‘दवाखाना’मधून ‘दव’ उरतं. ‘नाही’मध्ये न एकटा आणि ह एकटा, म्हणून काहीच उरत नाही. ‘ताप’, ‘पैसे’, ‘पाणी’, ‘शाळा’ यांचंही तेच.

इतके दिवस दिसलं का नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साधनाने कुठेही एरर दिला नाही. यादी आली, आलेख आले, आणि त्या यादीत खरेखुरे मराठी शब्द होते. ‘आजार’चं ‘आज’ झालं होतं, ‘खोकला’चं ‘कल’, ‘कर्ज’चं ‘कर’, ‘कारण’चं ‘रण’, ‘पाऊस’चा ‘ऊस’. उरलेला तुकडा निरर्थक असता तर पहिल्याच दिवशी नजरेत भरला असता. आमच्या यादीत ‘आज’ खूप वर होता, आणि लोक आजच्या अडचणीबद्दल बोलतात, उद्याचा विचार त्यांना परवडत नाही, असं एक वाक्य मी टिपणात लिहूनही ठेवलं होतं. लोक आजाराबद्दल बोलत होते.

दुसरी गोष्ट आणखी फसवी होती. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरी’ या तिन्हींमधून ‘घर’ उरतं, ‘शहरात’मधून ‘शहर’, ‘औषधं’मधून ‘औषध’. विभक्तीचे प्रत्यय काढून मूळ शब्द वेगळा करणं हे मराठी मजकुरावर काम करणाऱ्याचं मोठं दुखणं. इथे ते आपोआप होताना दिसलं, आणि साधनाला मराठी चांगलं समजतं अशी आमची समजूत झाली.

तिसरी चूक सर्वस्वी माझी. पहिल्याच यादीत वरच्या जागांवर ‘मध’, ‘आण’ आणि ‘आह’ आले होते. आजारपणाच्या मुलाखतींत मधाचं इतकं काय काम, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. ते ‘मध्ये’, ‘आणि’ आणि ‘आहे’चे उरलेले तुकडे होते. गाळायच्या शब्दांच्या यादीत पूर्ण शब्द होते, म्हणून तुकडे त्यातून निसटले. मला वाटलं, गाळणी नीट चालत नाहीये. मी ते तीन तुकडे हाताने गाळणीत घातले आणि पुढे गेले. आजाराचं लक्षण समोर आलं होतं आणि मी ते पुसून टाकलं.

याचा निष्कर्षांवर काय परिणाम झाला असेल ते दोन वाक्यांत कळतं. ‘औषधं मिळाली’ आणि ‘औषधं मिळाली नाहीत’. दोन्ही वाक्यं या साधनातून काढली की ‘औषध’ एवढा एकच शब्द उरतो.

आधी काय करायचं

कारण सापडल्यावर माझा पहिला विचार असा होता की आपल्यापुरता नियम बदलावा आणि मोजणी पुन्हा चालवावी. त्याला अर्धा तास पुरला असता. एका सहकाऱ्याने सुचवलं की सगळा मजकूर रोमन लिपीत उतरवून घ्या, म्हणजे कुठलंही साधन चालेल. असे रस्ते संशोधनात जागोजागी दिसतात. स्प्रेडशीटमध्ये काही जनुकांची नावं आपोआप तारखा होऊन जात, सेप्ट किंवा मार्चने सुरू होणारी. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. तिथे तो निर्णय बरोबरच होता, कारण हजारो लोकांच्या सवयी बदलण्यापेक्षा नाव बदलणं सोपं. पण एका अख्ख्या भाषेने आपली लिपी सोडून साधनाच्या सोयीने वागावं, हे मला पटेना.

आमच्या मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “आधी आपला अंतरिम अहवाल ज्यांना ज्यांना पाठवलाय त्यांना कळव. मग दुरुस्ती पाठव. क्रम चुकवू नकोस.”

क्रम तोच ठेवला. अहवाल मागे घेतला, कारण लिहिलं, ‘आज’बद्दलचं वाक्य कुठे आणि का चुकलं तेही लिहिलं. ते पत्र लिहायला मला दुरुस्तीच्या कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

पहिला इश्यू, आणि तो का पडून राहिला

संग्रहाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्याचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या ऑनलाइन जागेत, मी जो इश्यू (तक्रारीची किंवा मागणीची नोंद) नोंदवला त्याचं शीर्षक साधारण असं होतं: मराठीला सपोर्ट नाही, कृपया द्यावा. खाली आमच्या यादीतल्या दहाएक ओळी चिकटवल्या. तीन आठवड्यांनी त्यावर ‘नवी सुविधा’ असं लेबल लागलं आणि तो इतर अनेक मागण्यांच्या रांगेत जाऊन बसला.

त्या वेळी मी नाराज झाले. आज तो इश्यू पुन्हा वाचते तेव्हा लेबल लावणाऱ्याचं बरोबर होतं हे दिसतं. मी स्वतःच ती मागणी म्हणून मांडली होती. आणि पुरावा म्हणून जे दिलं होतं ते देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला काहीच सांगत नव्हतं. ‘दवाखाना’ आणि ‘दव’ या दोन आकृत्यांपैकी कुठली बरोबर, हे त्याने कसं ठरवायचं? कदाचित ‘दव’ हेच मूळ रूप असेल, असं त्याला वाटलं तर त्यात त्याची काय चूक? घराचं ‘घर’ होताना पाहून मी स्वतः तेच समजले होते.

दुसऱ्या वेळी मी इश्यू नव्याने लिहिला. मराठी येत नसलेल्या माणसाला तपासता येईल असा एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात त्याचा इंग्रजी अर्थ, तिसऱ्यात साधनाने दिलेला तुकडा, चौथ्यात त्या तुकड्याचा इंग्रजी अर्थ. कर्ज आणि कर. पाऊस आणि ऊस. आजार आणि आज. शेवटच्या ओळीत ‘नाही’, आणि पुढचे दोन रकाने रिकामे. प्रत्येक शब्दाखाली त्यातल्या युनिकोड तुकड्यांची नावं आणि वर्ग. मग दोन ओळींचा कोड, जो कुणालाही आपल्या संगणकावर चालवून तेच उत्तर मिळेल. आणि युनिकोडच्या तांत्रिक मानक क्रमांक १८ चा दाखला. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या ‘शब्दातल्या अक्षरा’त चिन्हं आणि अदृश्य जोडणारी चिन्हंसुद्धा यायला हवीत, असं त्या मानकात स्पष्ट आहे. पायथनचं वागणं त्याला धरून नाही ही तक्रार पायथनच्या इश्यूंमध्ये २०११ पासून नोंदलेली आहे.

तरीही हा ‘काही भारतीय भाषांचा प्रश्न’ म्हणून बाजूला पडण्याची भीती होती. म्हणून एक फ्रेंच उदाहरण घातलं, आणि माझ्या अंदाजाने पारडं त्यानेच फिरलं. फ्रेंचमध्ये विद्यार्थ्याला ‘एलेव्ह’ म्हणतात. त्यातल्या दोन ‘ई’ अक्षरांवर तिरक्या रेघा असतात. बहुतेक वेळा रेघेसकट ते अक्षर एकाच संकेतात, म्हणजे युनिकोडच्या एकाच क्रमांकात, साठवलेलं असतं, म्हणून काही बिघडत नाही. पण तोच शब्द अक्षर वेगळं आणि रेघ वेगळी अशा रूपात साठवला, आणि युनिकोडला दोन्ही रूपं समान आहेत, तर साधन तो तोडतं. उरतात दोन तुकडे, आणि त्यातला एक नेमका ‘ल’ हे फ्रेंच उपपद असतो. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात आणि मोजणी वेगवेगळी येते.

दोन दिवसांत लेबल बदललं. ‘दोष’. खाली एका मेंटेनरने विचारलं होतं, दुरुस्ती तुम्ही पाठवाल का?

दुरुस्ती

माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती, एका ओळीची होती. जुन्या खुणेच्या जोडीला युनिकोडमधला देवनागरीचा संपूर्ण पट्टा शब्दात धरायचा. आमच्या मुलाखतींवर ती अचूक चालली.

त्यावर दोन आक्षेप आले आणि दोन्ही रास्त होते. संस्कृत मजकुरावर काम करणाऱ्या एका परीक्षकाने दाखवलं की त्या पट्ट्यात दंडही येतो, एकेरी आणि दुहेरी. आजच्या मराठी गद्यात आपण दंड वापरत नाही, म्हणून मला तो आठवलाच नाही. पण श्लोक, ओव्या, अभंग यांत ओळीच्या शेवटी दंड असतो, आणि माझ्या दुरुस्तीने तो शेवटच्या शब्दाला चिकटून त्याचा वेगळाच शब्द झाला असता. म्हणजे मी एक गप्प चूक काढून दुसरी गप्प चूक घालत होते. दुसरा आक्षेप मेंटेनरचा. देवनागरी झाली, मग बंगाली, तमिळ, कन्नड, मल्याळम यांचं काय? स्वरचिन्हांसकट लिहिलेल्या अरबीचं काय? प्रत्येक लिपीच्या माणसाने येऊन आपला आपला पट्टा जोडायचा का?

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आधी टोचला. माझी गरज भागली होती. पण सामायिक संग्रहात गरज भागणं पुरेसं नसतं, हे त्या एका प्रश्नाने मला समजलं.

मग मार्ग शोधताना तीन पर्याय समोर आले. ‘रेजेक्स’ नावाचं एक वेगळं पायथन पॅकेज आहे. त्यात युनिकोडच्या वर्गांवरून शोध घेता येतो, पायथनच्या मूळ सोयीत ते जमत नाही. सगळ्यात स्वच्छ उत्तर तेच होतं. पण संग्रहाची साधनं जुन्या, बंदिस्त संगणकांवरही चालावीत म्हणून बाहेरची पॅकेजेस शक्यतो घ्यायची नाहीत असा मेंटेनरचा नियम होता. एका पॅकेजच्या मागे त्याचे अपडेट, त्याच्या सुरक्षेची काळजी आणि कधीतरी त्याचं बंद पडणंही येतं. दुसरा पर्याय, रिकाम्या जागेवर आणि विरामचिन्हांवर शब्द तोडायचे. तो साधा, पण वाक्यांत पत्ते, ईमेल, मोजमापं आली की त्याची त्रेधा उडते. तिसरा पर्याय मेंटेनरनेच सुचवला. पायथनसोबत येणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ या भागाला प्रत्येक संकेताचा वर्ग माहीत असतो. साधन सुरू होताना एकदाच सगळे ११,१४,११२ संकेत तपासायचे, त्यातली अक्षरं, चिन्हं आणि अंक वेचून नियम तयार करायचा आणि तोच पुढे वापरायचा. ऐकायला अवाढव्य वाटतं, पण संगणकाला ते काम फार नाही, आणि ते एकदाच करायचं असतं. बाहेरचं पॅकेज नको, लिप्यांची यादी नको. दंड विरामचिन्हांच्या वर्गात असल्यामुळे आपोआप बाहेर राहतो.

ही दुरुस्तीही पहिल्या फटक्यात पुरी पडली नाही. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडणारं चिन्ह. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. अदृश्य चिन्ह युनिकोडमध्ये तिसऱ्याच वर्गात मोडतं, म्हणून दुसऱ्या प्रकारे टंकलेले शब्द अजूनही तुटत होते. आमच्या मुलाखती तिघांनी तीन कीबोर्डवर टंकल्या होत्या म्हणूनच हे सापडलं. जोडणारं आणि तोडणारं, दोन्ही अदृश्य चिन्हं नियमात घातली.

दोन रूपांची मोजणी एकत्र व्हावी हा मात्र वेगळा प्रश्न आहे. युनिकोडचं प्रमाणीकरण (समान मानलेली रूपं एका साच्यात आणणं) केलं तरी ती दोन रूपं एक होत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं अक्षर दिसायला एक, पण साठवणीत दोन. मी ते सगळं याच पुल रिक्वेस्टमध्ये घालायला निघाले होते. मेंटेनरने थांबवलं: एका वेळी एकच गोष्ट, बाकीचं वेगळ्या इश्यूत. तो इश्यू अजून उघडा आहे.

चाचण्या, आणि त्यांचा मजकूर कुठून आणायचा

कोडची लांबी शेवटी वीसेक ओळी झाली. चाचण्यांची फाइल, म्हणजे ठरलेल्या शब्दांवर साधन बरोबर उत्तर देतं का ते आपोआप तपासणारी फाइल, त्याच्या कितीतरी पट. माझं खरं योगदान ती फाइल आहे असं मी मानते. कोड मेंटेनरने माझ्यापेक्षा चांगला लिहिला असता. पण ‘कर्ज’मधून ‘कर’ उरणं घातक आणि ‘घरात’मधून ‘घर’ उरणं फसवं, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. भाषा माझी होती.

यासाठी आमच्या मुलाखतींमधली वाक्यं घ्यायचा मोह होता. ती जिवंत होती, बोलीतली होती. पण ज्यांनी ती सांगितली त्यांनी संमती अभ्यासासाठी दिली होती, जगाला उघड्या असलेल्या रिपॉझिटरीत ठेवण्यासाठी नाही. नावं काढली तरी एखादं वाक्य माणसाला ओळखवून देतं. म्हणून सगळी वाक्यं नव्याने लिहिली आणि सीसी-झीरो अंतर्गत दिली, म्हणजे कुणालाही कुठेही वापरता येतील. कोड अर्थात संग्रहाच्या स्वतःच्या लायसन्सखाली गेला. प्रत्येक बदलाखाली ‘हे माझं आहे आणि ते देण्याचा मला हक्क आहे’ अशी सहीची ओळ लागते. ही पद्धत २००४ मध्ये लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, सुरू झाली आणि पुढे अनेक प्रकल्पांनी घेतली. माझा पगार प्रकल्पाच्या अनुदानातून येतो, म्हणून ती सही करण्याआधी मॅडमकडून लेखी परवानगी घेतली. दोन ओळींचा ईमेल, पण नसता तर पुढे कुणाच्या तरी मनात शंका राहिली असती.

प्रत्येक चाचणीच्या वर मी एक वाक्य लिहिलं, इंग्रजीत, हा शब्द इथे का आहे ते सांगणारं. ‘नाही’च्या वर लिहिलं: हा नकार आहे, तो हरवला तर वाक्याचा अर्थ उलटा होतो.

ठरीव वर्तन बदलायचं की नाही

सगळ्यात लांबलेली चर्चा याच प्रश्नावर झाली. माझं म्हणणं साधं होतं, चूक आहे तर सगळ्यांसाठी लगेच दुरुस्त करा. मेंटेनर म्हणाले, या साधनावर छापून आलेले निबंध आहेत. उद्या कुणी तीच आकडेमोड तपासायला घेतली आणि साधनाने गुपचूप वेगळी उत्तरं दिली, तर चूक साधनात की निबंधात हे त्याला कळणार नाही.

मला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. ठरलं ते असं: या आवृत्तीत नवा नियम एक पर्याय म्हणून येईल. जुना नियम चालू असेल आणि मजकुरात चिन्हं आढळली, तर साधन मोठ्याने इशारा देईल, त्यात उदाहरणादाखल त्याच मजकुरातला एक तुटलेला शब्द दाखवेल. पुढच्या मुख्य आवृत्तीत नवा नियमच ठरीव होईल, आणि जुनी उत्तरं हवी असणाऱ्याला ती मागून घ्यावी लागतील. तुटलेला शब्द दाखवायची कल्पना माझी. ‘मजकुरात अमुक वर्गाची चिन्हं आहेत’ या इशाऱ्याने मी थांबले नसते. ‘कर्जचं कर झालं आहे’ हे वाचून नक्की थांबले असते.

नवी आवृत्ती आली तेव्हा तिला झेनोडोवर स्वतःचा डीओआय मिळाला. झेनोडो हे २०१३ पासून चालू असलेलं, सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने उभारलेलं भांडार, तिथे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळा कायमचा क्रमांक देता येतो. आमच्या सुधारित अहवालात साधनाच्या नावाबरोबर तो क्रमांक आहे. आधीच्या अहवालात मी नुसतं साधनाचं नाव लिहिलं होतं. कुठली आवृत्ती, कुठले पर्याय, काहीच नाही. त्यामुळे आमची चूक दुसऱ्या कुणाला आमच्या अहवालावरून शोधताच आली नसती.

सुधारित यादीत ‘नाही’ तिसऱ्या जागी आला. ‘दव’ कुठेच नव्हतं. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरी’ मात्र वेगवेगळे झाले, आणि प्रत्यय काढण्याचं अवघड काम आता आम्हाला खरोखर करावं लागलं.

त्यानंतर

चाचण्यांच्या फाइलमध्ये काही महिन्यांनी तमिळ शब्दांचा एक गट आला, मग बंगालीचा. कुणी पाठवले ते मला माहीत नाही, पण प्रत्येक शब्दाच्या वर कारणाचं एक वाक्य होतं, मी लिहिलं होतं तसंच.

अलीकडे एका नव्या योगदानकर्त्याने शब्द पाडण्याचा भाग वेगवान करणारा बदल पाठवला. त्याचा कोड चांगला होता. पण आपोआप चालणाऱ्या चाचण्या लाल झाल्या आणि सतरा चाचण्या नापास दिसल्या. मला त्या चर्चेत कुणी बोलावलं नव्हतं, सूचना आली म्हणून मी उघडून पाहिलं. त्याने खाली लिहिलं होतं की त्याला ही भाषा येत नाही, पण फाइलमधलं नकाराबद्दलचं वाक्य वाचून काय तुटतंय ते कळलं, आणि तो बदल दुरुस्त करून पुन्हा पाठवतो आहे. मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या.